कोश आधी की दंड आधी? महासत्तांची स्पर्धा आणि आपलं मँगनीज

(सिहोरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय भारदस्त आहे. अमेरिका आणि चीन यांच्यात आर्थिक चढाओढ चालली आहे. त्यात कोणाचं पारडं जड, आणि देशाने पैसा फौजेवर घालावा की रस्ते, रेल्वे, धरणं आणि कारखान्यांवर, हा प्रश्न आहे. आम्ही अर्थतज्ज्ञ नव्हे, आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण आकड्यांना नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवण्याचं काम तत्त्वज्ञानाचंच आहे. तेवढं आज आपण मिळून करू. त्यासाठी लगेच वॉशिंग्टन-बीजिंगला जायची गरज नाही. आपल्याच तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींपासून सुरुवात करता येते.

या खाणींतून मँगनीज निघतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण ते कशाला लागतं? पोलाद करताना लोखंडातला गंधक आणि प्राणवायू मारक ठरतो, पोलाद ठिसूळ होतं. तो दोष मँगनीज काढतं. म्हणून टनभर पोलादामागे साधारण सहा ते दहा किलो मँगनीज लागतंच, त्याला स्वस्त पर्याय अजून सापडलेला नाही. इंग्लंडमध्ये शेफिल्डला रॉबर्ट हॅडफिल्ड नावाच्या माणसाने 1882 मध्ये मँगनीजचं प्रमाण बरंच वाढवून एक वेगळं पोलाद केलं. त्याची गंमत अशी की जितकं ठोकावं तितकं ते कठीण होतं. या पोलादाचे पुढे दोन मोठे उपयोग झाले. रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथला सांधा त्याचा करू लागले. आणि पहिल्या महायुद्धात, 1915 पासून, ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावरची शिरस्त्राणं त्याचीच झाली.

धातू एकच, पण एकदा तो रेल्वेत गेला आणि एकदा रणात. कुठे जायचं हे धातू ठरवत नाही, माणसं ठरवतात. आजच्या विषयाचं सार इथेच आहे.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याची सात अंगं सांगितली आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. जनपद म्हणजे माणसांनी वसलेली, पिकणारी भूमी. कोश म्हणजे तिजोरी आणि दंड म्हणजे सैन्य. ज्यांना हा ग्रंथ मुळातून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी आपल्याच र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आहे. तिच्या आठव्या अधिकरणात एक सुंदर वाद येतो. कौणपदंत नावाचे आचार्य म्हणतात, कोशापेक्षा दंड महत्त्वाचा, कारण सैन्य असलं तर तिजोरी मिळवता येते. कौटिल्य ते खोडून काढतो. तो म्हणतो, सैन्याचं मूळच कोशात आहे. पगार थकलेलं सैन्य एक तर शत्रूला जाऊन मिळतं, नाही तर आपल्याच राजाचा जीव घेतं. आपल्या साध्या भाषेत सांगायचं तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि हा आड कुठे आहे, तेही त्याने दुसऱ्या अधिकरणात सांगून ठेवलं आहे. कोशाचा उगम खाणीत होतो, आणि कोशातून सैन्य उभं राहतं. चिखल्याच्या शेजारी बसून हे वाचताना अंगावर काटा येतो.

पण कौटिल्य एकांगी नाही. वादाच्या शेवटी तो एक पुस्ती जोडतो: देश, काळ आणि कार्य पाहून कधी कोश तर कधी दंड प्रमुख ठरतो. म्हणजे नियम आहे, आणि अपवादालाही जागा आहे. ही दोन्ही मापं हातात घेऊन आता जगाकडे पाहू.

स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे 2024 मध्ये अमेरिकेने सैन्यावर सुमारे 997 अब्ज डॉलर खर्च केले. चीनचा अंदाज 314 अब्जांचा, भारताचा 86 अब्जांचा. नुसता हा आकडा पाहिला तर सामना संपल्यासारखा वाटतो, अमेरिका तिपटीने पुढे. आता दुसरा आकडा घ्या. चीन वर्षाला शंभर कोटी टन पोलाद करतो, जगाच्या निम्म्याहून जास्त. अमेरिका करते सुमारे आठ कोटी टन. जगातल्या कारखानदारीचा जवळपास तीस टक्के वाटा एकट्या चीनकडे आहे.

हे कसं घडलं? 1990 च्या आसपास भारत आणि चीन यांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. त्याच्या थोडं आधी, 1985 मध्ये, डेंग शियाओपिंग यांनी सैन्यातून दहा लाख माणसं कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. आधी शेती, बंदरं, वीज, कारखाने; सैन्याने थोडी वाट पाहावी, असा त्याचा अर्थ. त्यांची पहिली अतिवेगवान रेल्वे 2008 मध्ये बीजिंग ते तिआनजिन धावली, आणि 2023 अखेर असे मार्ग 45 हजार किलोमीटर झाले. कोश भरल्यावर मग त्यांनी आरमार वाढवलं. दंड टाळला नाही, त्याचा क्रम लावला.

अमेरिकेला हे कळत नव्हतं असं समजू नका. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हे स्वतः दुसऱ्या महायुद्धातले सेनापती. 1953 च्या एका भाषणात त्यांनी हिशेब मांडला की एका बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा उभी राहते, आणि एका लढाऊ विमानापायी लाखो मापं गहू जातो. त्यांच्याच कारकिर्दीत 1956 मध्ये अमेरिकेच्या महामार्गांचा प्रचंड कायदा झाला, आणि त्या महामार्गांच्या नावात संरक्षण हा शब्द घातला गेला. रस्ता हीच संरक्षणाची पहिली तटबंदी, हे त्यांना माहीत होतं. पुढे कारखाने बाहेर जाऊ लागले. 1979 मध्ये तिथे कारखान्यांत काम करणारी माणसं सुमारे एक कोटी पंचाण्णव लाख होती, आज ती एक कोटी तीस लाखांच्या आसपास आहेत. याची किंमत कुठे कळली? युक्रेन युद्धात. 2022 मध्ये तोफगोळ्यांची मागणी आली तेव्हा अमेरिकेची 155 मिलिमीटर गोळ्यांची क्षमता महिन्याला चौदा हजारांच्या घरात होती, आणि लढाईत तेवढे गोळे काही दिवसांत उडत होते. पैसा भरपूर होता, पण पैसा तोफेत भरता येत नाही. गोळा ओतायला भट्टी लागते, भट्टीला कारागीर लागतो, आणि कारागीर अंदाजपत्रकातून एका रात्रीत निघत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कोणी विचारेल, सर, शेजारी चीन आणि पाकिस्तान असताना हे तत्त्वज्ञान काय कामाचं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच उभं आहे. 1962 च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा म्हटलं गेलं. संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्के होता, तो अल्पावधीत चार टक्क्यांच्या जवळ गेला. नवे आयुध निर्माणी कारखाने निघाले, त्यात भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा कारखाना 1964 चा. दारूगोळ्याला लागणारी स्फोटकं तिथे तयार होतात. 2021 मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा तो म्युनिशन्स इंडियाकडे गेला.

कौटिल्याचा अपवाद तो हाच. त्या काळी दंड प्रमुख होता, आणि तो निर्णय योग्य होता. पण अपवादालाही किंमत असते. चीनचं युद्ध, 1965 चं युद्ध आणि दोन वर्षांचा दुष्काळ यांच्या भाराखाली 1966 ते 1969 या काळात पंचवार्षिक योजनाच थांबवावी लागली. आणि दुसरी किंमत माणसांची. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. संरक्षण खर्च हे शब्द आपण सहज उच्चारतो, तेव्हा त्यात ही घरंही धरायला हवीत.

मग रस्ते-धरणांचा खर्च आपोआप पुण्यवान होतो का? तेही नाही. आपल्या जिल्ह्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. आपला चांदपूरचा तलाव 1915 च्या सुमाराचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, त्यानंतर सरकारने सिंचनाची जी कामं हाती घेतली त्यांतला तो एक. त्याच वर्षी युरोप खंदकांत पैसा आणि पोरं गाडत होता. त्या वर्षीच्या तोफा आज संग्रहालयात आहेत. चांदपूरचं पाणी मात्र अजून सिहोऱ्याच्या बांध्यांत येतं आणि रोवणी होते. त्याहून जुने, कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या या जिल्ह्यात आहेतच. शंभर वर्षं परतावा देणारा खर्च असा असतो.

दुसरं उदाहरण गोसीखुर्दचं. 1988 मध्ये पायाभरणी झाली तेव्हा अंदाज 372 कोटींचा होता. तो पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला, आणि एक पिढी कालव्याची वाट पाहत म्हातारी झाली. पैसा सैन्यावर गेला नाही म्हणून तो सत्कारणी लागला असं म्हणता येत नाही. चीनमध्येही कर्ज काढून बांधलेल्या इमारती ओस पडल्या आहेत. तेव्हा खरा प्रश्न कोणत्या खात्यावर खर्च झाला एवढाच नाही. खर्च झाल्यावर मागे काय उरतं, आणि जे उरतं ते आणखी काही निर्माण करतं का, हा खरा प्रश्न आहे. तोफगोळा उडाला की संपतो, न उडता पडून राहिला तरी निकामी होतो. त्याचं काम धाकाचं, आणि धाक लागतोच. पण तलाव, रूळ, वीज, कारखाना आणि शिकलेला हात यांतून दुसरी गोष्ट जन्माला येते. केंद्राच्या 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी 6 लाख 81 हजार कोटी आहेत. त्यातले 1 लाख 80 हजार कोटी नव्या सामग्रीसारख्या भांडवली कामासाठी, आणि 1 लाख 60 हजार कोटी पेन्शनसाठी. हा आकडा बरा की वाईट यावर वाद घालण्यापेक्षा, त्या सामग्रीतला किती भाग आपल्या भट्टीत तयार होतो ते विचारणं जास्त उपयोगाचं.

याच कसोटीवर आपलं मँगनीज घासून पाहू. इंग्रज कंपनीच्या काळात इथलं खनिज जहाजाने परदेशी जात होतं. तुमसर रोडहून तिरोडीकडे गेलेला रेल्वेचा फाटाही या खनिजाच्याच वाहतुकीचा. 1962 मध्ये सरकारी भागीदारीतून आजची मॉइल कंपनी निघाली, आणि 1977 मध्ये परदेशी कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारने घेतला. खाण आपली झाली, हा मोठा टप्पा. पण खनिज आणि वस्तू यांच्यामध्ये कारखाना असतो. तुमसरजवळ माणेकनगरला मँगनीजपासून फेरो-मँगनीज करणारा कारखाना होता, तो बंद पडला. या धंद्यात भट्टीला वीज अफाट लागते. वीज महाग असेल तर खनिज दाराशी असूनही भट्टी परवडत नाही. पायाभूत सोयी आणि कारखानदारी यांचं नातं याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आता मँगनीजचा नवा उपयोग निघाला आहे, विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा. त्यासाठी अतिशुद्ध मँगनीज लागतं, आणि ते शुद्ध करण्याच्या जागतिक धंद्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा चीनचा आहे. चीन बरंचसं खनिज दक्षिण आफ्रिका, गॅबन, घाना इथून विकत आणतो. खाण दुसऱ्याची, भट्टी त्याची, आणि नफाही त्याचा. अमेरिकेत 1970 पासून दर्जेदार मँगनीज खनिज निघत नाही, म्हणून त्यांनी ते आपल्या अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातलं. भारताने 2023 मध्ये अशा तीस खनिजांची यादी केली, तीत मँगनीज नाही. पण खनिज घरात आहे म्हणून निर्धास्त राहायचं, तर शुद्ध माल पुन्हा चीनकडूनच घ्यावा लागेल. आशेची जागा एक आहे: डोंगरी बुजुर्गला बॅटरीच्या सेलसाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखाना मॉइलने पूर्वीच उभारला आहे. आकाराने लहान, पण वाट तीच आहे.

आपण शेतकरी, शिक्षक, खाणकामगार माणसं महासत्तांच्या भांडणात काय करणार? प्रश्न विचारू शकतो, तोही योग्य जागी. 2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांच्या मालकांना रॉयल्टीच्या तीस टक्क्यांपर्यंत रक्कम त्यात भरावी लागते, आणि ती खाणीमुळे बाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य अशा कामांसाठी असते. हा आपला छोटासा कोश. तो कमानी, पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपांत संपतो, की पोरांना भट्टी चालवायला शिकवणाऱ्या आयटीआयच्या तुकडीत जातो, हे ग्रामसभेत विचारा. चांदपूरच्या कालव्याची डागडुजी रोवणीच्या आधी झाली का, हे विचारा. सोंड्याटोल्याचे पंप बावनथडीचं पाणी चांदपुरात चढवतात. त्यांच्या विजेची तरतूद वेळेवर झाली का, तेही विचारा. पंप बसवणं हा एकदाचा खर्च असतो, चालवणं हा रोजचा, आणि देशाची ताकद या रोजच्या खर्चात मोजली जाते.

दिल्लीतलं अंदाजपत्रक आणि गावचा ठराव यांची कसोटी एकच आहे: हा पैसा संपल्यावर मागे काय उरेल, आणि त्यातून पुढे काय पिकेल? पुढच्या ग्रामसभेला जाताना एवढा एक प्रश्न खिशात ठेवा.