आवाज तोच, घडी वेगळी

शेलूच्या आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट सध्या माझ्याकडे आहेत. पखवाज, पेटी, टाळ, बुवांचा चढा गळा, आणि अभंग रंगात आला असताना वांगणीहून नेरळकडे निघालेल्या लोकलचा भोंगा, असं सगळं त्यांत आहे. इथल्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी चढते, म्हणून मी त्या संगणकावर उतरवते आहे. मंडळातली मुलं विचारतात, "ताई, एमपी३ करून टाका ना, व्हॉट्सॲपवर पाठवता येईल." ऐकायला एमपी३ जरूर द्यावी. जपायला मात्र नको.

एमपी३ फाइल लहान करताना कानाला कमी जाणवेल असा भाग टाकून देते. कमी बिटरेटला त्याची पहिली झळ टाळाला लागते. ठोक्याची धार बोथट होते आणि ठोक्याच्या आधीच पुसट सळसळ येते. गेलेलं परत येत नाही. एमपी३ची पुढे फ्लॅक, म्हणजे काहीच न टाकणाऱ्या प्रकारातली फाइल केली, तर फाइल फुगते, टाळ मात्र बोथटच राहतो.

फ्लॅक, ॲपलची अलॅक, वेवपॅक हे लॉसलेस प्रकार काहीच टाकत नाहीत. फ्लॅक आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधते आणि अंदाज किती चुकला तेवढंच थोडक्यात लिहून ठेवते. टेपच्या खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून स्वच्छ मुद्रणाइतक्या आमच्या फाइल आखडत नाहीत. तासाभराची कॅसेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटने उतरवली की वेव फाइल साधारण एक जीबीची होते. फ्लॅकमध्ये ती लहान होते, पण किती, ते खरखरीवर ठरतं.

फ्लॅकला ० ते ८ असे स्तर आहेत. ८ म्हणजे उत्तम आवाज, हा सर्रास होणारा गैरसमज. नऊवारी लुगड्याची घडी सैल घाला की घट्ट, उलगडलं की नऊ वारच. वरच्या स्तराला संगणक जास्त वेळ शोधत बसतो, एवढंच. ५ हा ठरलेला स्तर. ५ आणि ८ मध्ये फरक बहुधा एखाद्या टक्क्याच्या आसपास असतो. वाजवताना फोनवर पडणारा भारही जवळपास सारखाच. मंकीज ऑडिओ या दुसऱ्या लॉसलेस प्रकाराचं तसं नाही. तिथे घट्ट स्तर उलगडतानाही तितकाच घाम काढतो.

एका लॉसलेस प्रकारातून दुसऱ्यात नेलं, तर आवाजाचा एक बिटही बदलत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. ऑडॅसिटी हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम आतमध्ये ३२-बिट फ्लोट वापरतो आणि फ्लॅकमध्ये फक्त पूर्णांक बसतात. म्हणून आवाजाची पातळी शिगेला न नेता २४ बिटमध्ये जतन करावं. कॅसेटला ते भरपूर झालं. दुसरं म्हणजे टॅग. कुणी गायलं, कुठल्या सप्ताहात, ही माहिती रूपांतरात गळू शकते. आमच्यासाठी ती आवाजाइतकीच मोलाची आहे.

मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. अशा संग्राहकांनी जपलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या आजही वाजतात, कारण सुई असली की खाच वाचता येते. फाइल वाचायला तिची रीत ठाऊक असावी लागते. फ्लॅकची रीत खुली आहे. २००१ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ म्हणून ती प्रमाणित झाली. उद्या एखादी कंपनी बंद पडली, तरी ती वाचणारा प्रोग्रॅम कुणीही लिहू शकेल.

म्हणून माझं सांगणं एवढंच: स्तर ५ ठेवा आणि त्या आकड्याचा विचार सोडा. वाचलेला वेळ टेपरेकॉर्डरचं हेड पुसण्यात आणि नावं नीट लिहिण्यात घाला. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा असतो. अधूनमधून चाचणी घेऊन तो जुळतो का पाहा. एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि फाइल तपासून होईपर्यंत कॅसेट टाकू नका.