नेट तुटतंय? आधी अपडेट, मग तक्रार

वायफाय सारखं तुटायला लागलं की आपण राउटरला दोष देतो, नाहीतर लाइन देणाऱ्या कंपनीला. बरेचदा ते बरोबरही असतं. पण नव्या राउटरवर पैसे घालण्याआधी लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम तपासा, असं मी सांगेन.

वायफायच्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर, आलेल्या माहितीची पाकिटं क्रमाने लावणारा आणि हरवलेलं पाकीट पुन्हा मागवणारा भाग, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असतं. तिथे बग असेल तर राउटर बदलून काय होणार? एक सोपी खूण लक्षात ठेवा: त्याच वायफायवर शेजारचा मोबाइल नीट चालतोय आणि लॅपटॉपचंच नेट जातंय, तर संशय लॅपटॉपवर घ्या.

आता तुम्ही म्हणाल, अपडेटनेच तर बिघाड होतो! होतो की. ११ जानेवारी २०२२ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांचं एल२टीपी पद्धतीचं व्हीपीएन जोडलं जाईना. ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांची पंचाईत झाली. मायक्रोसॉफ्टने १७ जानेवारीला दुरुस्ती दिली, पण तीही अपडेट म्हणूनच आली. बिघाडाला घाबरून अपडेट कायमचे बंद केले, तर पुढची दुरुस्तीही आपल्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा मुद्दा तक्रारीचा. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण दर ९-१० आठवड्यांनी येते. बग कळवण्याआधी तो ताज्या कर्नलवरही येतो का ते बघा, असं कर्नलच्या अधिकृत माहितीतच सांगितलं आहे. कारण साधं आहे. तुमचा बग कदाचित आधीच दुरुस्त झालेला असतो. जुन्या आवृत्तीवरची तक्रार मग तशीच बाजूला पडते, आणि तुमचं नेट तुटतच राहतं.

म्हणून क्रम असा ठेवा. महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. परीक्षा किंवा मुलाखतीच्या दिवशी अपडेटला हात लावू नका. अपडेट करून रीस्टार्ट करा आणि दोन दिवस वापरून बघा. तरीही नेट तुटलं तर कळवा: सिस्टिमची आवृत्ती, वायफाय चिपचं नाव, नेट नेमकं किती वाजता गेलं, तेव्हा काय चालू होतं, आणि आधीच्या कोणत्या आवृत्तीवर ते नीट चालत होतं. पासवर्ड मात्र कुठेही लिहू नका.

"नेट चालत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही शोधता येत नाही. वरच्या पाच गोष्टी दिल्यात, तर समोरच्याला कामाला लागता येतं.