समुद्रातील शैवाल, त्याचे विषाणू आणि उसनी जनुके

विषाणू म्हटले की आपल्याला प्रथम रोग आठवतो. वर्गात आपण शिकवतो तेही साधारण असेच असते : विषाणू अतिसूक्ष्म असतात, त्यांच्याजवळ मोजकीच जनुके असतात, आणि ते यजमान पेशीत शिरून तिचा नाश करतात. 2020 पासूनच्या करोनाच्या साथीने विद्यार्थ्यांच्या मनातील हे चित्र आणखी पक्के केले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ते कसे, हे समुद्रातील शैवालांना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या उदाहरणातून पाहू.

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर दूर. मग आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने समुद्रातील शैवालांची चिंता का करावी? कारण असे, की पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणाने जेवढा कार्बन बांधला जातो, त्यातील जवळपास निम्मा समुद्रात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवक बांधतात. एकपेशीय शैवाले हा त्यांचा मोठा घटक. त्यांचे जगणे-मरणे हा केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचा प्रश्न नाही.

1989 मध्ये नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पाण्यातील विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. संख्या पूर्वीच्या अंदाजांपेक्षा किमान हजारपट निघाली. किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणू असतात. म्हणजे दोन चमचे, अर्थात 10 मिलिलिटर पाण्यात सुमारे 10 कोटी. महाराष्ट्राची 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती, हे विद्यार्थ्यांना सांगितले की या आकड्याची कल्पना येते. यातील बहुतेक विषाणू जीवाणूंना ग्रासतात. काही मात्र शैवालांचे आहेत, आणि तेच आपल्या लेखाचा विषय.

चुन्याचे चिलखत आणि त्यातील फट

एमिलियानिया हक्सलेयी हे एक समुद्री शैवाल. याची पेशी सुमारे 5 मायक्रोमीटरची, आणि तिच्यावर चुन्याच्या नाजूक चकत्यांचे आवरण असते. अनुकूल काळात याची इतकी वाढ होते, की शेकडो किलोमीटरचा समुद्र दुधाळ निळा दिसतो आणि उपग्रहाच्या छायाचित्रांतही ओळखू येतो. याला शैवालाचा बहर म्हणतात. पण पुष्कळदा हा बहर थोड्याच दिवसांत एकाएकी ओसरतो. असे का व्हावे?

1999 मध्ये इंग्लिश खाडीतील अशाच एका ओसरत्या बहरातून विषाणू वेगळे करण्यात आले. त्यांपैकी ईएचव्ही-86 या विषाणूचा जनुकसंच 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा डीएनए सुमारे 4 लाख 7 हजार बेसजोड्यांचा असून त्यात प्रथिनांची 472 संभाव्य जनुके आढळली. करोना विषाणूचा जनुकसंच सुमारे 30 हजार बेसचा आहे. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जीवाणूजवळही साधारण इतकीच जनुके असतात. तेव्हा 'विषाणूजवळ मोजकीच जनुके' हे विधान येथे लागू पडत नाही.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे या जनुकांचे काम. विषाणूजवळ स्फिंगोलिपिड नावाचे मेदपदार्थ तयार करणारी जनुके सापडली. हे पदार्थ पेशीपटलात असतात, आणि त्यांचे प्रमाण व प्रकार बदलले तर पेशीला स्वतःच्या नियोजित मृत्यूचा संदेश मिळू शकतो. ज्याला स्वतःची पेशीच नाही, त्या विषाणूला ही सामग्री कशाला?

उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. 2009 मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली : या मार्गातील सात जनुके शैवाल आणि विषाणू या दोघांतही असून त्यांचे परस्परांशी नाते फार जवळचे आहे. म्हणजे उत्क्रांतीच्या ओघात त्यांची देवघेव झाली आहे. दुसरी : संसर्ग झालेल्या पेशीत विषाणू आपल्या पद्धतीचे स्फिंगोलिपिड तयार करवतो, आणि ते पुरेसे साठले की पेशीची मृत्युयंत्रणा सुरू होते. तोवर नवे विषाणू तयार झालेले असतात. थोडक्यात, उसन्या अवजारांनी घरधन्याचेच घर पाडण्याचा हा प्रकार!

शैवालाचा प्रतिडाव

मग सगळे शैवाल नष्ट का होत नाही? चुन्याच्या चकत्या असलेली पेशी द्विगुणित असते, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात. याच शैवालाची एकगुणित अवस्थाही असते. त्या पेशीवर चकत्या नसतात आणि ती कशाभिकांच्या साहाय्याने पोहते. 2008 मध्ये असे दिसून आले, की ही एकगुणित पेशी विषाणूला दाद देत नाही. जाती तीच, पण रूप बदलले आणि विषाणूचा उपाय चालेना. द्विगुणित व एकगुणित अवस्था शिकवताना आपण नेचे व शेवाळीची उदाहरणे देतो. त्यांच्या जोडीला हे उदाहरण द्यावे. अवस्था बदलण्याचा एक फायदा येथे उघड दिसतो.

एक्टोकार्पस या तंतुमय तपकिरी शैवालाची कथा वेगळी आहे. त्याचा विषाणू पेशीला लगेच मारत नाही. तो भिंत नसलेल्या पोहणाऱ्या बीजाणूत वा युग्मकात शिरतो आणि आपला डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात गुंफतो. पुढे वाढणाऱ्या प्रत्येक पेशीत तो आपोआप पोचतो, पण विषाणूकण तयार होतात ते फक्त प्रजनन अवयवांत. अशा शैवालात अर्धसूत्री विभाजन झाले की निम्म्या बीजाणूंना विषाणूचा डीएनए मिळतो, निम्म्यांना नाही. म्हणजे हा रोग मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत जातो! 2010 मध्ये या शैवालाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यातही विषाणूची एक जवळजवळ निद्रिस्त प्रत मिळाली.

मेलेल्या पेशींचे काय होते?

शैवाल माशांच्या पोटात गेले, तर त्यातील अन्नद्रव्ये अन्नसाखळीत वर चढतात. विषाणूने पेशी फोडली, तर तीच द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि जीवाणू त्यांवर जगतात. नत्र, स्फुरद, लोह पुन्हा मोकळे होऊन पुढच्या शैवालांना मिळते. शेतातील काडीकचरा कुजून जमिनीला खत मिळावे, तसेच हे. विषाणू नसते तर समुद्रातील ही उलाढाल मंदावली असती. एखाद्याच जातीचा बहर सगळी जागा अडवून बसला, तर त्याला आवर घालणारेही विषाणूच असतात.

समुद्रापासून गोड्या पाण्यापर्यंत

शैवालांचे विषाणू गोड्या पाण्यातही आहेत. क्लोरेला या हिरव्या शैवालाचे विषाणू अमेरिकेतील नेब्रास्का येथील जेम्स व्हॅन एटेन यांनी 1980 च्या दशकापासून अभ्यासले. महाराष्ट्रातील उदाहरण मुंबईचे आहे. आयआयटी मुंबईतील किरण कोंडाबागिल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये सांडपाणी केंद्रातील गाळ आणि घरगुती जलशुद्धीकरण यंत्राची पहिली गाळणी यांतील डीएनए तपासला. त्यात महाकाय विषाणूंच्या खुणा मिळाल्या, आणि त्यांत शैवाल-विषाणूंच्या कुलाचा दुसरा क्रमांक होता. शिवाय अमीबाच्या साहाय्याने त्यांनी तपासलेल्या वीसही नमुन्यांतून महाकाय विषाणू वाढवले. त्यांतील काहींना पवई, वांद्रे, कुर्ला अशी ओळखीची नावे मिळाली. हे विषाणू अमीबात वाढतात. ते शैवालांचे नव्हेत, पण त्याच मोठ्या गटातील दूरचे नातेवाईक आहेत. यावरून पाणी पिण्याला अपायकारक ठरते असे मात्र कोणी समजू नये.

हे विषाणू इतकी वर्षे नजरेतून सुटले, याचे एक कारण आपल्या व्याख्येतच आहे. गाळणीतून जाईल तो विषाणू आणि अडकेल तो जीवाणू, असे धरून काम चालत असे. 1992 मध्ये इंग्लंडमध्ये मिळालेला मिमिव्हायरस असाच जीवाणू समजला गेला. तो विषाणू आहे हे कळायला 2003 साल उजाडले.

वर्गासाठी

गावच्या तळ्यातील हिरवे पाणी काचेच्या बरणीत घेऊन खिडकीत ठेवावे आणि दर दोन दिवसांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. शैवालाच्या पेशी मोजून त्यांचा आलेख काढावा. विषाणू या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाहीत. पण पेशींची संख्या एकाएकी घटली, तर त्याची कारणे कोणकोणती असू शकतील, याची यादी विद्यार्थ्यांना करू द्यावी : अन्नद्रव्ये संपणे, ऊन, खाणारे सूक्ष्मजीव, विषाणू. यांपैकी नेमके कारण कोणते, हे ठरवण्यासाठी कोणता प्रयोग करावा लागेल, हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.