तालुक्यांची यादी कुठे ठेवावी?

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा त्यात ५ तालुके होते. आता ८ आहेत. समजा, तालुकावार निकाल काढणारी संगणकाची आज्ञावली आपण तेव्हा लिहिली आणि तालुक्यांची नावे तिच्यातच गुंफली. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा वाढले, की आज्ञावली लिहिणाऱ्यालाच बोलवावे लागणार! नावे वेगळ्या फाइलमध्ये असतील, तर लिपिकही ३ ओळी वाढवू शकेल.

मग सगळेच फाइलमध्ये का ठेवू नये? कारण ‘अमुक असेल तर तमुक करा’ अशा अटी तिथे शिरल्या, की ती फाइलच एक कच्ची आज्ञावली होते; तिच्यातल्या चुका शोधणे कठीण. म्हणून बदलणारी माहिती फाइलमध्ये आणि रीत आज्ञावलीत ठेवावी. मात्र फाइलमधली नावे आज्ञावलीने तपासलीच पाहिजेत. नाहीतर एका चुकलेल्या अक्षरापायी अख्ख्या तालुक्यातली मुले निकालातून गळतील.