वारली चित्र तुमच्या मगवर आहे, पण त्याची भिंत कुठंय?

कानात इअरफोन घालायला वेळ नसेल, तर हा एपिसोड वाचून घ्या.

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत वारली चित्राचं स्टिकर आहे: मध्ये तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. वारल्यांची खरी घरं मात्र तिथून रिक्षाच्या अंतरावर आहेत. गोरेगावच्या आरेत सत्तावीसेक आदिवासी पाडे आहेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातही आहेत. आरेची दूध वसाहत १९४९ ची, पाडे त्याहून जुने.

पारंपरिक वारली घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीचा लेप. लग्न ठरलं की सवाष्णी त्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक 'लिहितात'. हो, काढत नाहीत, लिहितात! चौकात पालघट देवी बसते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. म्हणजे हे चित्र शोभेचं नाही, लग्नाच्या विधीचा भाग आहे.

आता सामान मोजा. कारवी जंगलातली, शेण गोठ्यातलं, तांदूळ शेतातला. आपल्या इंजिनिअरांच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या डिपेंडन्सी जमिनीत. पहिल्या पावसात स्टेशनबाहेर आदिवासी मावश्या शेवळं, टाकळा, कुर्डू विकतात, तेही तिथलंच. बिबट्याही शेजारी, म्हणून वाघोबा हा देव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्लोरिडाच्या पाणथळीत सेमिनोल लोक 'चिकी' बांधायचे: जमिनीपासून उंच फळ्या, वर झावळ्यांचं छप्पर, भिंती नाहीत. घर कसं असावं, ते जमीन ठरवते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली, तेव्हा आपण झाडांसाठी पोस्ट टाकल्या. पण त्याआधीच याच कामात प्रजापूर पाड्यातली कुटुंबं इमारतीत गेली होती. फ्लॅटला नळ आहे, लाइट आहे, त्या सोयी पाड्यावरही हव्यातच. पण शेत, गोठा, अंगण आणि वाघोबा सातव्या मजल्यावर कसे न्यायचे? पुनर्वसनाच्या हिशोबात चौरस फूट धरतात, हे धरत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी 'आरे वाचवा' म्हणाल, तेव्हा झाडांसोबत पाडेही मोजा. आणि मावशीकडून शेवळं घेताना भाव पाडू नका. ती कशी करायची तेवढं विचारा, नीट केली नाहीत तर घसा खवखवतो!

भेटूया पुढच्या एपिसोडला.