विश्लेषण : डॅशबोर्ड तयार, पण निर्णय कोण घेणार? ‘बिझनेस इंटेलिजन्स’ यशस्वी कशाने होते?

गोरेगाव पूर्वेच्या नेस्को संकुलात जून २०२० मध्ये मुंबई महापालिकेचे जम्बो कोविड केंद्र सुरू झाले. शहरात खाटा वाढल्या. पण कुठे किती रिकाम्या आहेत आणि कोणाला आधी द्यायच्या, हे वेळेत कळले नसते, तर त्यांचा उपयोग मर्यादितच राहिला असता. कंपन्या लाखो रुपये खर्चून ‘बिझनेस इंटेलिजन्स’ अर्थात ‘बीआय’ यंत्रणा बसवतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो.

बीआय म्हणजे नेमके काय?

विक्री, साठा, हिशेब अशा वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकत्र आणायची, तपासायची आणि निर्णय घेता येईल अशा स्वरूपात मांडायची, ही बीआयची साधी व्याख्या. आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मधील लेखात हा शब्द वापरला. १९८९ नंतर हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे तो उद्योगविश्वात रुळला. डॅशबोर्ड हा या साखळीचा दिसणारा, शेवटचा टप्पा.

मुंबईत काय बदलले?

सुरुवातीला खाटांसाठी सारा भार १९१६ क्रमांकाच्या मध्यवर्ती नियंत्रण कक्षावर होता. जून २०२० मध्ये पालिकेने २४ प्रशासकीय विभागांत स्वतंत्र ‘वॉर रूम’ सुरू केल्या. प्रयोगशाळांचे अहवाल पालिकेकडे येत आणि पत्त्यानुसार त्या-त्या विभागाकडे जात. गोरेगावचा रुग्ण ‘पी दक्षिण’ विभागाच्या यादीत येई. तेथील पथक त्याच्याशी संपर्क साधून लक्षणे विचारी आणि घरी राहायचे की रुग्णालयात जायचे, हे ठरे. माहिती जिथे पोहोचली, तिथेच निर्णयाचा अधिकारही होता. हा बदल तंत्रज्ञानापेक्षा कामाच्या रचनेतला अधिक होता.

आकडे चुकले तर?

यंत्रणा कितीही चांगली असली, तरी आत येणारी माहिती अपुरी असेल तर चित्र फसवे ठरते. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एकूण आकडेवारीत मिळवले. त्यातील ८६२ मुंबईतील होते. म्हणजे आदल्या दिवसापर्यंतचा आलेख प्रत्यक्षापेक्षा दिलासादायक दिसत होता. कंपनीतही हेच होते. परत आलेला माल वजा न करता एक विभाग ‘विक्री’ मोजतो, दुसरा वजा करून मोजतो. मग बैठकीचा वेळ निर्णयाऐवजी ‘कोणाचा आकडा खरा’ या वादात जातो.

विश्वासाचे काय?

अहवाल आधी पालिकेकडे देण्याच्या पद्धतीवर आक्षेपही आले. रुग्णाला त्याचा अहवाल मिळायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये स्पष्ट केले. ज्यांची माहिती घेतली जाते, त्यांना ती नाकारली गेली की यंत्रणेवरचा विश्वास डळमळतो. कार्यालयातही डॅशबोर्ड फक्त जाब विचारण्यासाठी वापरला जातो असे कर्मचाऱ्यांना वाटले, तर नोंदी ‘सोयीच्या’ होऊ लागतात.

संशोधन काय सांगते?

विल्यम डीलोन आणि एफ्रेम मॅकलीन यांनी १९९२ मध्ये माहिती यंत्रणांच्या यशाचे प्रारूप मांडले. यंत्रणेचा दर्जा, माहितीचा दर्जा, प्रत्यक्ष वापर, वापरणाऱ्यांचे समाधान आणि व्यक्ती व संस्थेवर होणारा परिणाम हे त्याचे घटक. २००३ च्या सुधारणेत सेवेचा दर्जाही जोडला गेला. सॉफ्टवेअर सुरू होणे म्हणजे यश नव्हे, हा त्याचा गाभा.

कंपन्यांनी काय तपासावे?

खरेदीपूर्वी चार प्रश्न पुरेसे आहेत. हा आकडा पाहून कोणता निर्णय बदलणार? तो घेण्याचा अधिकार कोणाला? नोंद चुकली तर दुरुस्त कोण करणार? आणि माहिती निर्णयाच्या वेळेआधी पोहोचणार का? पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर डॅशबोर्ड भिंतीवरच्या पडद्यापुरताच राहतो. खाटेची वाट पाहणाऱ्या रुग्णाला आलेखाचा रंग नव्हे, तर फोन किती लवकर आला हे महत्त्वाचे होते. बीआयचे यशही तिथेच मोजावे लागते.