जीभ रंगविणारी फळे

जांभळे खाऊन आलेल्या मुलास ती गोष्ट लपविता येत नाही. त्याची जीभच सारे सांगून टाकते. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. करवंदांत व अमेरिकेतील ब्लूबेरी या निळ्या फळांतही तीच द्रव्ये असतात. पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांच्या मोठ्या कुळात त्यांची गणना होते. जिभेवरचा रंग काही वेळाने जातो. पण पोटात गेलेल्या रंगाचे काय होते?

या प्रश्नाचा संबंध रक्तवाहिन्यांशी येतो. रक्तवाहिनी ही निर्जीव नळी नव्हे. तिला आतून पेशींच्या एकाच थराचे नाजूक अस्तर असते. रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशाच्या धमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग केले. अस्तर शाबूत असता एका विशिष्ट द्रव्याने पट्टी सैल पडे. अस्तर घासून काढले की ती सैल पडत नसे. १९८० साली त्याने हे प्रसिद्ध केले. अस्तरातून पाझरणारा तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू होय, हे पुढे कळले. तो क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात धमनीच्या स्नायूंस सैल करतो. १९९८ साली फर्चगॉटला अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. हे अस्तर दुबळे झाले, म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढतो.

रंगीत फळे या अस्तरास साहाय्य करतात काय? इंग्लंडमधील नॉर्विच येथे ११५ स्थूल प्रौढांवर सहा महिने प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज १५० ग्रॅम ब्लूबेरींइतकी सुकी पूड दिली, काहींना त्याच्या निम्मी, तर काहींना नुसती जांभळी रंगविलेली बनावट पूड. कोणास काय मिळते, हे खाणाऱ्यांस ठाऊक नव्हते. मनाच्या समजुतीचा परिणाम टाळण्याची ही युक्ती मोठी चतुर खरी! मग हातास पट्टा आवळून काही मिनिटे रक्तप्रवाह अडवावयाचा आणि पट्टा सोडल्यावर धमनी किती रुंदावते ते मोजावयाचे. पूर्ण मात्रा घेणाऱ्यांची धमनी अधिक रुंदावली. निम्म्या मात्रेने फरक पडला नाही, आणि रक्तदाब तर कोणाचाच उतरला नाही. तेव्हा या फळांस औषध म्हणणे घाईचे होईल. जांभळाविषयी तेच अनुमान काढणे तर त्याहून घाईचे.

आश्चर्य असे की, मूळ रंगद्रव्य रक्तात फारच थोडे उतरते. बराचसा भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील सूक्ष्म जंतू त्याचे लहान लहान तुकडे करतात, आणि फळ खाल्ल्यानंतर कित्येक तासांनी हे रंगहीन तुकडे रक्तात आढळतात.